इन्स्टाग्रामची 'रिस्ट्रिक्ट' सोय आणि तिच्या जोडीची साधने: छळ सोसणाऱ्या विद्यार्थ्याला किती उपयोगी?

ऑनलाइन छळाची तक्रार घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला मोठी माणसे बहुतेक वेळा एकच सल्ला देतात, तो म्हणजे त्या मुलाला ब्लॉक करून टाक. सल्ला चुकीचा नाही. पण त्रास देणारा वर्गातलाच असेल, तर आपल्याला ब्लॉक केले आहे हे त्याच्या लगेच लक्षात येते आणि मोबाइलवर थांबलेला त्रास मधल्या सुट्टीत नव्या जोमाने सुरू होतो. मुले ब्लॉक किंवा रिपोर्ट करायला कचरतात ती याच भीतीने. ऑक्टोबर २०१९ मध्ये इन्स्टाग्रामने सर्वांसाठी खुली केलेली 'रिस्ट्रिक्ट' ही सोय याच भीतीचा विचार करून बनवलेली आहे आणि म्हणूनच, विद्यार्थ्यांबरोबर काम करणारी शिक्षिका या नात्याने, मला ती त्या ॲपमधील सर्वांत समजूतदार सोय वाटते.

त्रास देणाऱ्याच्या प्रोफाइलवर जाऊन तीन ठिपक्यांच्या मेन्यूतून 'रिस्ट्रिक्ट' निवडले, की त्याला कोणतीही सूचना जात नाही. त्यानंतर त्याने विद्यार्थ्याच्या फोटोखाली काही लिहिले, तर ते त्याला स्वतःला नेहमीसारखेच दिसते, परंतु इतर कोणालाही दिसत नाही. विद्यार्थ्यापुढेही ती कमेंट झाकलेली येते आणि ती उघडायची, मंजूर करायची, काढून टाकायची की तशीच पडू द्यायची हे त्याचे त्यानेच ठरवायचे असते. त्या व्यक्तीचे मेसेज थेट इनबॉक्समध्ये न येता 'मेसेज रिक्वेस्ट'मध्ये जातात, ते वाचले की नाही हे तिला कळत नाही आणि विद्यार्थी कधी ऑनलाइन आहे हेही दिसत नाही. चारचौघांत दुसऱ्याचा पाणउतारा करणाऱ्याला मजा येते ती बघ्यांमुळे. येथे बघेच उरत नाहीत आणि चिडवल्याचा परिणाम होतो आहे की नाही, याचाही त्याला थांग लागत नाही.

या सोयीचा आणखी एक फायदा आहे, ज्याकडे पालकांचे सहसा लक्ष जात नाही. एखाद्याला ब्लॉक केले, की आपल्या पोस्टवरच्या त्याच्या कमेंट निघून जातात आणि त्यांच्याबरोबर पुरावाही जातो. रिस्ट्रिक्टमध्ये आलेले मेसेज बाजूला का होईना, पण जागेवर राहतात, त्यामुळे शाळेकडे जायची वेळ आली तर दाखवायला काहीतरी हाती असते. तरीही मी विद्यार्थ्यांना आधी स्क्रीनशॉट काढायला सांगते. त्यात नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे आणि वादाच्या भरात आपण स्वतः काय उत्तर दिले तेही त्यात असले पाहिजे, कारण अर्धा संवाद दाखवला की समोरचा उरलेला अर्धा घेऊन येतो.

एप्रिल २०२१ मध्ये आलेले 'हिडन वर्ड्स' हे दुसरे साधन नको असलेले शब्द, वाक्प्रचार आणि इमोजी गाळते. मात्र ॲपने आपणहून तयार केलेल्या यादीवर विसंबून चालत नाही. शाळेतला छळ क्वचितच शिवीच्या रूपात येतो. एका विद्यार्थिनीच्या प्रत्येक फोटोखाली तिच्या वर्गातली मुले फक्त बेडकाचे चित्र टाकत असत. परक्या माणसाला त्यात वावगे काही दिसले नसते, पण त्या चित्राचा अर्थ सगळ्या वर्गाला ठाऊक होता आणि त्या मुलीने फोटो टाकणेच बंद केले होते. अशा वेळी उपयोगी पडते ती स्वतः भरायची यादी. वर्गाने ठेवलेले टोपणनाव, त्याची मुद्दाम बदललेली स्पेलिंग आणि तो इमोजी त्यात घालता येतो. ही यादी विद्यार्थ्याजवळ बसून भरावी, कारण नेमके कोणते शब्द बोचतात हे त्याच्याखेरीज कोणालाच सांगता येत नाही, आणि ते सांगता सांगता मूल पुष्कळदा पहिल्यांदाच मोकळे बोलू लागते.

एकाच वेळी अनेक अनोळखी खाती तुटून पडली, तर फॉलो न करणाऱ्या किंवा नुकतेच फॉलो करू लागलेल्या खात्यांच्या कमेंट आणि मेसेज थोपवणारे 'लिमिट्स' हे साधन काही काळापुरते उपयोगी ठरते. सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'टीन अकाउंट'मुळे अल्पवयीनांची खाती मुळातच खाजगी राहतात आणि सोळा वर्षांखालील मुलांना ही बंधने सैल करायला पालकांची परवानगी लागते. हे स्वागतार्ह आहे. पण खाते उघडताना वय खोटे सांगितले असेल, तर हे संरक्षण मिळेलच असे नाही.

या सगळ्या साधनांची मर्यादा एकच आहे आणि ती मोठी आहे. विद्यार्थ्याकडे जे येते ते ती अडवतात, त्याच्यामागे जे चालते त्याला ती हात लावू शकत नाहीत. ज्या ग्रुपमध्ये तो नाही तिथली थट्टा, मुद्दाम वगळले जाणे किंवा त्याच्या नावाने उघडलेले बनावट खाते यांवर रिस्ट्रिक्टचा काहीही उपयोग नाही. बनावट खात्यासाठी स्वतंत्र तक्रार अर्ज आहे आणि ज्याचे इन्स्टाग्रामवर खाते नाही त्यालाही, किंवा मुलाच्या वतीने पालकालाही, तो भरता येतो. अठरा वर्षांखालील मुलाचे नग्न किंवा लैंगिक स्वरूपाचे छायाचित्र पसरण्याची भीती असेल, तर अमेरिकेतील नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन या संस्थेची 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. ती छायाचित्राचा सांकेतिक ठसा मोबाइलवरच तयार करते आणि सहभागी कंपन्यांना फक्त तो ठसा देते, म्हणजे त्याच्याशी जुळणारे छायाचित्र त्यांना ओळखून काढून टाकता येते. छायाचित्र मुलाच्या हातातून बाहेर जात नाही. इन्स्टाग्राम त्या व्यवस्थेत सहभागी आहे. अशा वेळी मुलाला रागावण्यात एक मिनिटही घालवू नये.

रिपोर्ट करण्याच्या व्यवस्थेला मात्र मी एवढे चांगले गुण देणार नाही. तक्रार कोणी केली हे समोरच्याला कळत नाही, ही जमेची बाजू आहे. परंतु ठरावीक कारणांच्या यादीतून एक निवडायचे असल्याने बेडकाच्या चित्रामागची गोष्ट सांगायला जागाच मिळत नाही, आणि संदर्भ ठाऊक नसलेल्या तपासणाऱ्याला ते चित्र निरुपद्रवीच वाटणार. तक्रारीसोबत तीन-चार वाक्ये लिहिण्याची आणि शिक्षक किंवा पालक यांना साक्षीदार म्हणून जोडण्याची सोय मिळाली, तर ही व्यवस्था शाळकरी मुलांच्या कामाची होईल. तोपर्यंत मी विद्यार्थ्यांना आधी स्क्रीनशॉट, मग रिस्ट्रिक्ट आणि त्याच दिवशी विश्वासातल्या एका मोठ्या माणसाशी बोलणे असा क्रम सांगते. रिपोर्ट करायचा तो त्या माणसाला शेजारी बसवून.