इंग्लंडमधल्या केंटच्या शेतात आठ महिने वापरलेला पिनपॉइंटर

जमिनीतल्या जुन्या वस्तू शोधायला मेटल डिटेक्टर घेतला तेव्हा पिनपॉइंटरचे, म्हणजे खणलेल्या मातीत धातू नेमका कुठे आहे ते दाखवणाऱ्या छोट्या यंत्राचे, जास्तीचे पैसे मी वाचवले. पहिल्याच हंगामात फावड्याच्या एका घावात प्यूटरचं बटण दुभंगलं. प्यूटर म्हणजे कथील नि शिसं. मुळात मऊ, त्यात इतकी वर्षं ओल्या मातीत. तुकडे जुळवले तर मधे ३ चा आकडा. ब्रिटिश सैन्याची तिसरी पायदळ रेजिमेंट, टोपणनाव बफ्स, म्हणजे याच केंटची! बटणांवर रेजिमेंटचे नंबर १७६७ नंतर आले आणि साध्या शिपायांची बटणं १८५५ पर्यंत प्यूटरची होती, म्हणजे ते कुणा शिपायाच्याच कोटाचं. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी पिनपॉइंटर मागवला.

गाजराएवढी कांडी आहे. आता सिग्नलपासून वीतभर लांब फावडं मारतो, ढेकूळ उलटतो आणि कांडीचं टोक फिरवतो. धातू जवळ आला की ती थरथरते, अगदी टेकली की थरथर सलग होते. तिथून पुढे फक्त बोटं. आठ महिन्यांत एकोणीस बटणं निघाली, एकही कापलं गेलं नाही.

त्रासही आहे. डिटेक्टर शेजारी चालू असला की दोन्ही किरकिरतात. खिळा आणि बटण यांतला फरक कांडीला कळत नाही. बाहीचं छोटं बटण अगदी बोटभर अंतरावर आल्याशिवाय सापडत नाही. बॅटरीच्या झाकणाच्या आट्यांत चिखल बसतो. एकदा ते पक्कडीने उघडावं लागलं. तरी पुन्हा घेईन, आणि डिटेक्टरच्याही आधी घेईन.

जिथे कधी छावणी नव्हती तिथे इतकी फौजी बटणं कशी, हे कोडं मला ज्यांची परवानगी घेऊन खणतो त्या शेतकरी आजोबांनी सोडवलं. इथल्या हॉप्सच्या (बिअरमध्ये घालतात त्या फुलांच्या) मळ्यांत पूर्वी खत म्हणून लोकरी चिंध्या टाकत. जुने गणवेश त्यातच आले, बटणांसकट.

गेल्या रविवारी पितळी निघालं, १८७१ नंतरचं, सिंह आणि युनिकॉर्नवालं. घासलं नाही. नुसत्या पाण्यात ठेवून ओल्या टूथपिकने आयाळीतली माती काढत बसलो. मागची शिवायची कडी शाबूत होती आणि तिच्यात दोऱ्याचा एक काळा धागा अजून अडकलेला होता.