स्क्रू कंप्रेसरचा देखभाल करार : दीड वर्षानंतरचा अभिप्राय
रबाळे एमआयडीसीतील आमच्या छोट्या पॅकेजिंग कारखान्यासाठी दीड वर्षापूर्वी नवा स्क्रू कंप्रेसर (हवा दाबून यंत्रांना पुरवणारे यंत्र) घेतला, तेव्हा त्याच विक्रेत्याशी वार्षिक देखभाल करारही केला. हा अभिप्राय त्या सेवेपुरता आहे. यंत्राबद्दल तक्रार नाही.

सुट्या भागांची यादी आणि दर ऑर्डर देण्यापूर्वीच लेखी मागून घेतले हे बरे झाले, कारण यंत्र एकदा दारात उतरले की घासाघीस करायला आपल्या हाती काही उरत नाही. विक्रेत्याने दोन वर्षांसाठी दिलेली यादी मात्र जरा सढळ हाताने केलेली होती. आमचा कंप्रेसर दिवसाला १६ तास आणि महिन्याला २५ दिवस, म्हणजे ४०० तास चालतो. ऑइल सेपरेटर, म्हणजे दाबलेल्या हवेतून तेल वेगळे करणारा भाग, ४,००० तासांनी बदलायचा असल्याने पहिला बदल दहाव्या महिन्यात येणार होता. मग यादीतले दोन्ही सेपरेटर पहिल्याच दिवशी घेऊन पैसा कपाटात कशाला अडकवायचा? शिवाय सांध्यांतून गळती थांबवणाऱ्या रबरी ओ-रिंग नुसत्या पडून राहिल्या तरी कडक होतात. हे मांडल्यावर त्यांनी यादी कुरकुर न करता कापली. एअर फिल्टर आम्ही उलट एक जादा ठेवला, कारण ठाणे-बेलापूर रस्त्याची धूळ तो ठरल्या मुदतीआधीच तुंबवते. मोटरचे बेअरिंग प्रमाणित क्रमांकाचे असून मुंबईच्या नागदेवी बाजारात सहज मिळते, म्हणून ते घेतलेच नाही.

त्यांचा तंत्रज्ञ वेळेवर येतो आणि नुसती सही घेऊन जात नाही. एप्रिलमध्ये तेलाचे तापमान चढलेले पाहून त्याने गरम हवा बाहेर सोडणारा डक्ट बसवायला लावला. तापमान दहा अंशांनी वाढले की तेलाचे आयुष्य जवळपास निम्मे होते, हे त्याचे म्हणणे डक्टच्या खर्चापेक्षा मोलाचे ठरले.

जुलैत यंत्राचे नियंत्रण करणारे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर कार्ड जळाले, तेव्हा मात्र करारातील उणीव उघडी पडली. करारात फक्त मजुरी धरलेली होती, कार्डाचे पैसे वेगळे, आणि ते यायला नऊ दिवस लागले. तोवर जुन्या पिस्टन कंप्रेसरवर एकच पाळी कशीबशी चालवली. एवढे महाग कार्ड प्रत्येक ग्राहकाने विकत घेऊन ठेवणे परवडणारे नाही, पण परिसरातील सगळ्या ग्राहकांसाठी मिळून एक कार्ड विक्रेत्याने गोदामात ठेवणे सहज शक्य आहे. पुढच्या महिन्यात नूतनीकरण आहे; ही अट आणि कार्ड पोहोचवण्याची मुदत कागदावर आली, तरच मी सही करणार आहे.