गाडीच्या हेडलाइटला एलईडी बसवायच्या आधी ते छोटं चाक बघा (माझे १०,९२० रुपये गेले)

आकडा आधीच सांगून टाकते: १०,९२० रुपये. आणि गाडीत बिघाड काय होता? काहीही नाही. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला, गुडघ्याच्या वर, ०-१-२-३ असं लिहिलेलं, हेडलाइटचा उजेड वर-खाली करणारं एक छोटं चाक असतं. माझ्या गाडीत ते ३ वर राहिलं होतं. ते ० वर आणायला फक्त अंगठा लागतो.

मी एका कर सल्लागाराकडे नोकरी करते. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासते, कोणाचा जीएसटी नंबर एका अक्षरानं चुकला तरी परत पाठवते. आणि स्वतः मात्र वहीच्या फाडलेल्या पानावरच्या हिशेबावर दुकानात ८,८०० रुपये मोजून आले. ऑफिसात अजून कोणाला सांगितलेलं नाही. हसायचं असेल तर हसून घ्या, पण आधी गाडीत जाऊन ते चाक बघून या.

दिवाळीत माहेरी गेलो तेव्हा गाडीत पाच जण होते आणि डिकी गच्च. मागं वजन आलं की गाडीचं नाक वर उठतं आणि साधा डिपरसुद्धा (खालचा लाइट) समोरच्याच्या डोळ्यांत जातो. समोरचे अप्पर (वरचा लाइट) मारायला लागले म्हणून भावानं ते चाक ३ वर केलं. बरोबर केलं त्यानं, चाक त्यासाठीच असतं. आकडा वाढला की लाइट खाली जातो. मोठा आकडा म्हणजे मोठा लाइट असं ज्यांना वाटतं त्यांत मीही होते, खोटं कशाला बोलू. सामान उतरलं, माणसं उतरली, चाक तिथंच राहिलं.

पुढं तीन आठवडे रात्री गाडी चालवताना जीव मुठीत. आईला बघायला शनिवारी साताऱ्याकडे जाते आणि रविवारी रात्री एकटी पुण्याला परतते. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडलं की पुढच्या वळणांवर रस्ता दिसायचाच नाही, बॉनेटसमोर उजेडाचं एक डबकं आणि त्यापलीकडे काळोख. मला वाटलं डोळे गेले. चष्म्याचा नंबर तपासला, तोच निघाला. मग वाटलं गाडीच जुनी झाली. सात वर्षांच्या गाडीबद्दल असं वाटणं काही वेडेपणा नाही ना?

म्हणून अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण असं दुकान प्रत्येक गावात आहे. पोरगा पंचविशीचा, जिभेवर साखर. "ताई, हॅलोजन म्हणजे कंदील हो. आता कोण वापरतं? तुमचा रिफ्लेक्टरपण बसलाय." (हॅलोजन म्हणजे आपले तारेचे बल्ब, रिफ्लेक्टर म्हणजे त्यांच्यामागचा आरसा.) गाडी भिंतीसमोर जेमतेम तीन मीटरवर उभी केली, माझा लाइट लावून दाखवला. पिवळट, मरतुकडा. मग बल्ब काढून एलईडी घातले. भिंत पांढरीफेक पडली. मी चक्क "अरे वा" म्हणाले.

आता ऐका, कारण हाच तो क्षण आहे आणि तो मला रोज रात्री आठवतो. बल्ब बसवून झाल्यावर त्यानं ड्रायव्हरच्या खिडकीतून हात आत घातला. समोरून बारीक "घुंऽऽ" असा मोटरचा आवाज आला आणि भिंतीवरचा उजेड माझ्या डोळ्यांदेखत चार बोटं वर सरकला. मी विचारलंसुद्धा, "हे काय केलंस?" तो म्हणाला, "एलईडीचा फोकस सेट केला, ताई." बॉनेट उघडं होतं, पण त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर नव्हता. हेडलाइटच्या मागं फोकसचे स्क्रू असतात, त्यांना त्यानं बोटसुद्धा लावलं नाही. मी बघत होते. आणि मी मान डोलावली! फोकस स्क्रूनं सेट करतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं, हे खरं. पण खिडकीतून हात घालून कुठली दुरुस्ती होते, एवढं तरी विचारायला हवं होतं.

हिशेब असा: एलईडीची जोडी ६,८००, डिकोडर (एलईडीच्या वायरमध्ये जोडायची डबी) ९००, फिटिंग ५००, आणि फोकस सेटिंग ६००. म्हणजे चाक ३ वरून ० वर आणायचे सहाशे. "जीएसटीचं बिल हवं असेल तर वेगळं पडेल," म्हणाला. पैसे ज्या नावावर गेले ते दुकानाचं नव्हतं, कोणा बाईंचं होतं. मला दिसलं. तरीही पिन टाकला. पाठीमागं दोन गाड्या थांबल्या होत्या, आठ वाजून गेले होते, घरी मुलाची परीक्षा. कारणं आहेत माझ्याकडे, हवी तेवढी.

वर माझे जुने बल्ब त्यानं ठेवून घेतले. "भंगार आहे, टाकून देतो." चांगले चालणारे कंपनीचे बल्ब होते. तुमचे जुने बल्ब कोणी मागितले तर देऊ नका, मागून घ्या, पिशवीत घालून घरी आणा.

दोन दिवस मी खूश होते. गावाकडच्या दुपदरी रस्त्यावर गेल्यावर मात्र समोरून येणारी प्रत्येक गाडी अप्पर मारू लागली. एका ट्रकवाल्यानं गाडी हळू करून मला जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. आणि मला तरी दिसत होतं का? गाडीपुढचे दहा-पंधरा मीटर लख्ख, त्यापुढं काही नाही. जवळचा उजेड फार झाला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं आणखी कमी दिसतं. त्यात पाऊस आला. निळसर पांढरा उजेड थेंबांवरून उलटा अंगावर यायला लागला आणि ओला डांबरी रस्ता गायबच.

परत दुकानात गेले तर पोऱ्यानं ४५० रुपयांचा पिवळ्या काचांचा 'नाइट ड्रायव्हिंग' चष्मा विकला. घेतला मी. हो, घेतला. पिवळी काच डोळ्यांत येणारा उजेड कमीच करते, मग अंधारात तिचा उपयोग काय, हे तिसरीतल्या पोराला कळेल.

खरं काय ते अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या एका वयस्कर मेकॅनिकनं उघडं केलं. सर्व्हिसिंगला गाडी टाकली होती. काकांनी बीम सेटर (लाइटचा फोकस तपासायचं यंत्र) आणून लाइटसमोर धरला आणि मला त्यात बघायला लावलं. सरळ आडवी कापल्यासारखी रेघ दिसायला हवी, वर अंधार, खाली उजेड, डावीकडे रेघ थोडी वर चढलेली, कारण आपण डावीकडून चालतो आणि कडेचा माणूस, दगड दिसायला हवा. माझ्या लाइटमध्ये रेघच नव्हती, दूध सांडल्यासारखं सगळीकडे. माझ्या गाडीतल्यासारख्या एच-४ बल्बमध्ये (डिपर-अप्पर दोन्ही एकाच बल्बमध्ये असतात तो) डिपरच्या तारेखाली एक इवलीशी पत्र्याची वाटी असते, ती उजेड वर जाऊ देत नाही. तार नेमकी कुठं असेल हे धरूनच रिफ्लेक्टरचा आकार ठरवलेला असतो. तिथं दोन बाजूंना चिपा चिकटवलेली एलईडीची कांडी खुपसली की तो हिशेब मोडतो.

मग काकांनी विचारलं, "ताई, हॅलोजन होते तेव्हा हे चाक कितीवर होतं?" आणि मला ते "घुंऽऽ" आठवलं. भावाला फोन केला. "हो की, मीच केलं होतं ३ वर." कान गरम झाले माझे.

काकांनी नवे हॅलोजन घातले, चाक ० वर ठेवलं, आणि संध्याकाळी मला शेजारच्या मोकळ्या रस्त्यावर नेलं. रस्ता होता तसा, दिवाळीच्या आधीसारखा. मग त्यांनी चाक ३ वर नेलं. तेच डबकं, तोच काळोख.

गणित सोपं आहे, आणि गणित हा माझा धंदा, म्हणून जास्त झोंबतं. हेडलाइट जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल आणि उजेडाचा उतार १ टक्का असेल, म्हणजे दर मीटरला उजेड एक सेंटिमीटर खाली येत असेल, तर डिपर ६५ मीटरपर्यंत पोचतो. उतार ३ टक्के झाला तर जेमतेम २२. ताशी ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जाते. म्हणजे मी तीन आठवडे सव्वा सेकंदाच्या उजेडात गाडी हाकत होते. आणि तीन मीटरवरच्या भिंतीवर हा दोन टक्क्यांचा फरक भरतो सहा सेंटिमीटर. चार बोटं!

घरी तपासायचं तर सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटर लांब गाडी लावा. टायरमध्ये हवा नीट हवी, ड्रायव्हरच्या जागी एक माणूस, डिकी रिकामी, चाक ० वर. १ टक्क्याला रेघ हेडलाइटच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली पडते. किती टक्के हवं ते बऱ्याच गाड्यांत हेडलाइटजवळच्या स्टिकरवर असतं. तीन मीटरवर भिंत दाखवणारा माणूस काहीतरी लपवतोय असं समजा.

खोक्यावर काय लिहिलंय तेही वाचा. माझ्या खोक्यावर '२०० वॉट' होतं, एका बल्बचं. १२ व्होल्टला ते १६ अँपिअरच्या वर जातं, आणि माझ्या गाडीचा हेडलाइटचा फ्यूज १० चा. खरे २०० वॉट असते तर लावल्या लावल्या फ्यूज उडाला असता. खोक्याच्या तळाशी मुंगीच्या अक्षरांत इंग्रजीत छापलं होतं की सार्वजनिक रस्त्यावर वापरू नये.

पुढचा खर्च: हॅलोजनची जोडी ५६०, बीम सेटिंग ३५०, आणि मागची रबरी झाकणं ७६०, कारण एलईडीचा पंखा बसावा म्हणून त्या पोरानं ती ब्लेडनं कापली होती. आत पाणी जायला लागलं होतं.

आता आपल्या यंत्रणा. दुकानदार म्हणाला, "लाइट लागतेय ना? मग फसवणूक कसली?" पोलीस चौकीत दीड तास बसवून सांगितलं, हा दिवाणी मामला. मी म्हटलं, पैसे भलत्याच नावावर गेलेत. "तुम्हीच पाठवलेत ना, ताई?" आरटीओत तीन खिडक्या फिरले. तिसऱ्या खिडकीतल्या साहेबांनी उलट मलाच घाबरवलं: बदल केलेली गाडी तुमची, म्हणजे दंड तुम्हाला. कायदा काढून वाचला तर खरंच, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुकानात राजरोस रचून ठेवलेली खोकी मात्र कोणाला दिसत नाहीत. पीयूसीला धूर मोजतात, लाइट कोण बघतं? खासगी गाडीची फिटनेस तपासणी पंधरा वर्षांनी, तोवर समोरच्याला आंधळं करत फिरा. रात्री हायवेवर निम्म्या गाड्या तसल्याच दिसतात आणि नाक्यावरचे साहेब हेल्मेट शोधत असतात. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरच्या मुलीनं निदान ऐकून घेतलं, तक्रार क्रमांक दिला. मग बिल मागितलं. बिल! आठ दिवसांनी तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला.

आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत आहे. नवरा म्हणतो, अकरा हजारांसाठी किती रजा घालवशील? फाइल केली आहे: पैसे पाठवल्याचा पुरावा, खोका, कापलेली रबरी झाकणं, काकांच्या सेंटरचं रीतसर बिल, आणि ते वहीचं पान. त्याच्यावर पोराच्या हस्ताक्षरात शेवटची ओळ आहे, "फोकस सेटिंग ६००". त्याच्याखाली मीच पेनानं बेरीज तपासून बरोबरची खूण केली होती.