‘मोटरवीक’ की ‘टॉप गिअर’?

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाची पहिली मोठी खरेदी बहुधा गाडीचीच असते. टीव्हीवरचं परीक्षण बघून ती ठरवणार असाल, तर मी ‘मोटरवीक’ सुचवेन. माझा आवडता कार्यक्रम मात्र ‘टॉप गिअर’ आहे.

‘मोटरवीक’ १९८१ साली मेरीलँडच्या सार्वजनिक वाहिनीवर सुरू झाला. सूत्रसंचालक जॉन डेव्हिस एका लयीत सांगत जातात: शून्यावरून ताशी ६० मैलांचा वेग किती सेकंदांत, ब्रेक दाबल्यावर किती फुटांत थांबली, डिकीत किती घनफूट जागा, वर्षाला खनिज तेलाची किती पिंपं लागणार, किंमत काय. रंगत कमी वाटेल, पण प्रत्येक गाडीला तेच प्रश्न विचारलेले असतात. दोन गाड्यांच्या चाचण्या लागोपाठ बघितल्या की अर्धा निर्णय तिथेच होतो. याच कार्यक्रमात गाडीच्या देखभालीचा भाग सांगणारे मेकॅनिक पॅट गॉस २०२२ साली वारले. गाडी सांभाळावी कशी हे त्यांच्याइतकं सोपं करून सांगणारा माणूस मी टीव्हीवर दुसरा पाहिला नाही. वापरलेली गाडी घेणाऱ्यांनी त्यांचे जुने भाग जरूर बघावेत.

बीबीसीचं ‘टॉप गिअर’ १९७७ सालचं, पण जगाला ठाऊक झालं ते २००२ नंतरचं. इंग्लंडमधल्या डन्सफोल्डच्या धावपट्टीवर स्टिगने, म्हणजे हेल्मेटमागे चेहरा लपवणाऱ्या त्यांच्या ड्रायव्हरने, मारलेली फेरी बघताना अजून अंगावर काटा येतो. मात्र तिथे नाट्य आधी, माहिती नंतर. २००८ साली विजेवर चालणारी टेस्ला रोडस्टर चार्ज संपल्यासारखी ढकलत नेताना दाखवली. चार्ज २० टक्क्यांखाली गेलाच नव्हता, असं कंपनीचं म्हणणं होतं. कंपनीने कार्यक्रमावर भरलेला बदनामीचा खटला कोर्टात टिकला नाही, पण त्या दृश्यावरून गाडी घ्यायची की नाही हे कुणी ठरवू नये.

पुरस्कारांतही हाच फरक. त्याच २००८ साली ‘टॉप गिअर’ने कॅटरहॅम आर५०० ला वर्षातली सर्वोत्तम गाडी ठरवलं: जेमतेम ५०६ किलोंची, दोघांपुरती. ‘मोटरवीक’चे ‘ड्रायव्हर्स चॉइस’ पुरस्कार १९८३ पासूनचे, आणि ते गटवार मिळतात. छोटी गाडी, कुटुंबाची एसयूव्ही, पिकअप वेगवेगळी. तरी पाच वर्षांनी गाडी कशी चालेल, हे नव्या गाडीचा कुठलाच पुरस्कार सांगत नाही.

तेव्हा ‘ड्रायव्हर्स चॉइस’च्या यादीतून तीन-चार नावं काढा, त्यांच्या चाचण्या बघा. पुण्याहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की त्यांना मागच्या सीटवर सहज चढता-उतरता येईल का, हे मात्र डीलरकडे जाऊन, स्वतः मागे बसूनच कळेल.