दादरचा प्रेझेंटेशन-इंग्लिशचा क्लास: आकड्यांसाठी जा, ॲक्सेंटसाठी नको

मी रबाळ्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आम्ही रबरी सील बनवतो. दर महिन्याला जर्मन कस्टमरपुढे ऑनलाइन रिजेक्शनचे, म्हणजे नापास मालाचे, आकडे मांडायचे असतात. हे काम आधी आमचे साहेब करायचे. ते रिटायर झाले आणि स्लाइड माझ्या गळ्यात पडल्या. शाळा मराठी माध्यमाची असली तरी इंग्रजीचं तसं वावडं नाही, दिवसभर मेल इंग्रजीतच चालतात. अडायचं ते एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना. ‘ओके, सो, नेक्स्ट स्लाइड’ यापुढे गाडी सरकायची नाही. म्हणून दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर असलेला शनिवार दुपारचा क्लास लावला. बॅच दोन महिन्यांची, फी आठ हजार.

पैसे वसूल झाले ते आलेखाच्या तासाला. सरांनी प्रत्येकाला आपापल्या ऑफिसचा एक चार्ट आणायला सांगितला होता. भिंतीवर चार्ट लावला की आकडे वाचायचे नाहीत, रेघेचं काय झालं ते सांगायचं. पडली तर ‘फेल’ किंवा ‘ड्रॉप्ड’, सपाट झाली तर ‘लेव्हल्ड ऑफ’, वर टोक गाठलं तर ‘पीक्ड’, वर-खाली होत राहिली तर ‘फ्लक्चुएटेड’. त्याला जोडून ‘स्लाइटली’, ‘स्टेडिली’, ‘शार्पली’. एवढ्या डझनभर शब्दांत महिन्याचा रिव्ह्यू निघतो, खरंच. एक मुलगा ऐटीत म्हणाला, ‘सेल्स सोअर्ड’, म्हणजे विक्रीने भरारी घेतली. सर काही बोलले नाहीत, नुसतं चार्टच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. उभा अक्ष शून्यापासून नव्हे, 40 पासून सुरू होत होता आणि विक्री 41 वरून 43 झाली होती. सगळा वर्ग हसला, तो मुलगाही हसला आणि ‘रोझ स्लाइटली’वर आला.

त्याच तासाला ‘बाय’ आणि ‘टू’चा घोळ सुटला. रिजेक्शन ‘बाय टू परसेंट’ (दोन टक्क्यांनी) उतरलं आणि ‘टू टू परसेंट’ (दोन टक्क्यांवर) उतरलं, यात जमीन-अस्मानाचा फरक. शिवाय 4 टक्क्यांवरून 3 वर आलं तर घट एक ‘परसेंटेज पॉइंट’ची, पण टक्केवारीत मोजाल तर 25 टक्क्यांची. आमच्या धंद्यात तर पीपीएम, म्हणजे दहा लाख नगांमागे किती, असं चालतं; 1 टक्का झाला 10,000 पीपीएम. समोरचा कोणता आकडा ऐकतोय याचं भान नसेल तर पुढचा अर्धा तास खुलाशात जातो.

लाख-कोटींची घोकंपट्टीही करून घेतात. 10 लाख म्हणजे एक मिलियन, 100 कोटी म्हणजे एक बिलियन, हे कागदावर सगळ्यांना येतं. पण ‘दोन कोटी चाळीस लाख’ ऐकल्याबरोबर ‘ट्वेंटी-फोर मिलियन’ तोंडातून यायला सवय लागते. सर एकापाठोपाठ एक आकडे फेकत होते आणि आम्ही पाढे म्हटल्यासारखे उत्तरं देत होतो. ‘क्यू वन’ म्हणू नका, महिने सांगा, हा सल्लाही तिथलाच. आपली पहिली तिमाही एप्रिल ते जून, आमच्या कस्टमरचं वर्ष जानेवारीत सुरू होतं.

वाक्यांची एक झेरॉक्स देतात. त्यातली ‘लेट मी टेक यू थ्रू’, ‘मूव्हिंग ऑन टू’, ‘दॅट ब्रिंग्ज मी टू’ ही सोन्याची. पण त्याच कागदावर ‘इट गिव्ज मी इमेन्स प्लेझर’ आणि ‘विदाउट फर्दर अडू’ही आहेत. सत्कार समारंभाला ठीक, सोमवारच्या रिव्ह्यूला कशाला? मला सर्वांत उपयोगी पडलं ते प्रश्नोत्तरांसाठीचं साधं वाक्य: ‘आय डोन्ट हॅव दॅट फिगर विथ मी, आय विल सेंड इट बाय थर्सडे.’ वार सांगायचाच, नाहीतर ते टाळल्यासारखं वाटतं.

आता रडगाणं. ॲक्सेंटचे तास निव्वळ वेळकाढूपणा. ‘व्ही’ला दात ओठावर, ‘डब्ल्यू’ला ओठांचा चंबू, असं तासभर चाललं. आमच्या जर्मन मंडळींचंही व्ही-डब्ल्यूचं रडगाणं तेच आहे, त्यांनी कधी तक्रार केलेली नाही. मध्येच एक पाहुणे आले आणि ‘माइंडसेट’वर बोलत बसले, तो शनिवार फुकट गेला. बॅचमध्ये माणसं कोंबतात. पंचवीस-तीस जणांत उभं राहून बोलायला वाट्याला येतात दोन-तीन मिनिटं. मोबाइलवर रेकॉर्डिंग करतात खरं, पण ते सोबत बसून कुणी ऐकत नाही. या फीमध्ये एवढी अपेक्षा चुकीची नव्हे.

शब्द येतात पण उभं राहिल्यावर पाय लटपटतात, अशांनी इथे न येता चारचौघांत बोलण्याचा सराव करून घेणारा एखादा टोस्टमास्टर्स क्लब बघावा. 1924 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली ही चळवळ. मुंबईतही क्लब आहेत आणि पाहुणा म्हणून बसता येतं. तिथे एक जण तुमचे ‘अं’ आणि ‘यू नो’ मोजत असतो, वेळ संपत आली की हिरवा, पिवळा, लाल इशारा मिळतो. भीड तिथे चेपते. मात्र तुमचा रिजेक्शनचा चार्ट इंग्रजीत कसा मांडायचा हे तिथे कुणी बसून शिकवणार नाही.

माझ्यासारखं काम असेल, म्हणजे महिन्याला ठरावीक आकडे ठरावीक माणसांपुढे, तर क्लास जरूर लावा. नोकरीच्या इंटरव्ह्यूसाठी नको. पुढच्या बॅचला दुसरे सर येणार असं ऐकलंय, तेव्हा पैसे भरण्याआधी डेमो लेक्चरला बसा. ते फुकट असतं. आणि आलेखाचा तास कोण घेणार, हे काउंटरवर आधीच विचारून घ्या.