पन्नास महिने की पस्तीस? प्रमाण आणि लॉगरिदम

यवतमाळकडच्या पोराला प्रमाण शिकवावं लागत नाही, फक्त त्याचं नाव सांगावं लागतं. कापूस क्विंटलला ७,००० धरला तर १२ क्विंटलचे ८४,०००. माल दुप्पट, पैसे दुप्पट. भागाकार कायम ७,०००. हे समचलन. वेचाईला ६ बाया १० दिवस घेत असतील तर १० बाया ६ दिवसांत वावर मोकळं करतात. इथे गुणाकार कायम ६०. हे व्यस्तचलन. (१०० बाया लावल्या तर ०.६ दिवसात, म्हणजे अर्ध्या दिवसाहून थोड्या जास्त वेळात, असं गणित म्हणतं. बाया मिळतात कुठे, ते गणित सांगत नाही.)

खरी गोची व्याजात आहे. शेकडा २ रुपये महिना, तर मुद्दल दुप्पट कधी? प्रमाणाने १०० भागिले २, म्हणजे ५० महिने. सरळव्याज असेल तर बरोबरच. पण व्याजावर व्याज चढलं की रक्कम दर महिन्याला १.०२ पट होते. मग प्रश्न बदलतो: १.०२ चा कितवा घात २ होतो? घात शोधणं म्हणजेच लॉगरिदम. एखाद्या संख्येचा लॉग म्हणजे १० चा कितवा घात ती संख्या होते ते. लॉग २ = ०.३०१०, लॉग १.०२ = ०.००८६, भागाकार साधारण ३५, तोच आपला घात. म्हणजे पंधरा महिने आधीच!

स्कॉटलंडच्या जॉन नेपियर या गणितीने १६१४ मध्ये लॉगरिदम मांडले ते किचकट गुणाकार साध्या बेरजेवर आणण्यासाठी. आता ते काम मोबाइल करतो. तरी माझं मत, मापाला आणि मजुरीला प्रमाण पुरे. सावकाराच्या वहीपुढे बसताना मात्र लॉग हवा.