मिरीवाल्या हळदीच्या कॅप्सूल: माल चांगला, लेबल अर्धवट

गुडघेदुखीसाठी हल्ली ज्या हळदीच्या कॅप्सूल धडाधड खपतायत त्यातलीच ही एक, बाबांसाठी ऑनलाइन मागवली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलीग्रॅम कर्क्युमिन एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे हळदीतल्या मुख्य घटकाचा अर्क, आणि १० मिलीग्रॅम पायपरिन, म्हणजे काळ्या मिरीतला तिखट घटक. दिवसाला दोन घ्यायच्या. पॅकिंग मस्त, सील नीट, डिलिव्हरी वेळेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

माझी तक्रार लेबलबद्दल आहे. पुढे मोठ्ठ्या अक्षरात लिहिलंय ‘२० पट जास्त शोषण’. आता हे काही हवेतून आणलेलं नाही, नुसतं कर्क्युमिन पोटात गेलं तर रक्तात जवळपास पोचतच नाही, १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलीग्रॅम पायपरिन दिलं तेव्हा माणसांमध्ये त्याचं शोषण २००० टक्के वाढलेलं दिसलं, आणि सगळ्या ब्रँड्सचा दावा तिथूनच आलाय. पण पायपरिन हे करतं कसं ते डबीवर कुणीच सांगत नाही. आतड्याच्या अस्तरात आणि लिव्हरमध्ये बाहेरून आलेल्या रसायनांची विल्हेवाट लावणारी एन्झाइम्स असतात, शिवाय आत शिरलेला पदार्थ परत आतड्यात ढकलणारे पंप असतात. पायपरिन या दोघांनाही मंद करतं. आणि ते फक्त हळदीपुरतं मंद करत नाही ना! त्याच वेळी पोटात दुसरी गोळी असेल तर तीही नेहमीपेक्षा जास्त रक्तात जाऊ शकते. फिटची फेनिटॉइन, बीपीची प्रोप्रानोलॉल, दम्याची थिओफिलिन, या तिन्हींच्या बाबतीत हे माणसांमध्ये तपासून झालंय. फेनिटॉइन तर मिरी घातलेल्या सूपबरोबर दिली तरी फरक दिसला होता.

बाबांची फेनिटॉइन कित्येक वर्षं चालू आहे. या गोळीचं गणित फार नाजूक असतं, रक्तातलं प्रमाण थोडं वर गेलं तरी चक्कर येते, चालताना तोल जातो, डोळे थरथरतात, आणि सत्तरीच्या माणसाचा तोल जाणं म्हणजे काय ते ज्यांच्या घरात कुणी पडलंय त्यांनाच कळेल. आमच्या मेडिकलवाल्या काकांना डबी दाखवली तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून मागची बारीक अक्षरं अगदी डोळ्याजवळ धरून वाचली आणि लगेच म्हणाले, “यात पायपरिन आहे, बाबांची फिटची गोळी चालू आहे ना? डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.” न्यूरोच्या डॉक्टरांनी तर सरळ नाही सांगितलं. जेवणात मिरी जेवढी नेहमी असते तेवढी राहू दे, पण रोज मोजून २० मिलीग्रॅम पायपरिन नको. बारा रुपयांची पट्टी घ्यायला गेलो तरी एवढं विचारणारा माणूस मिळणं म्हणजे खरंच भाग्य, काकांना मनापासून पाच स्टार.

पायपरिन वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. जम्मूच्या सीएसआयआर (सरकारी संशोधन संस्था) लॅबने याच गुणाचा उपयोग करून टीबीचं औषध केलं, २००९ मध्ये ते बाजारात आलं, त्यात रिफॅम्पिसिन हे टीबीचं नेहमीचं औषध ४५० ऐवजी २०० मिलीग्रॅम आणि जोडीला १० मिलीग्रॅम पायपरिन. म्हणजे औषधाचा डोस निम्म्याहून कमी करण्याइतकी ताकद यात आहे हे आपल्याच शास्त्रज्ञांनी दाखवलंय, मग तोच १० मिलीग्रॅमचा घटक कॅप्सूलमध्ये घालून विकताना ‘इतर औषधं चालू असल्यास डॉक्टरांना विचारा’ एवढी एक ओळ छापायला काय हरकत आहे? इटलीत लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस आल्यावर २०२२ मध्ये हळदीच्या सप्लिमेंट्सवर इशारा छापणं सक्तीचं केलं. इथे मी कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की प्रॉडक्ट शंभर टक्के नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाहीत. हे वाचून खरंच राग आला. नॅचरल असलं तरी शरीरावर परिणाम होतोच ना!

रोजची कुठलीच गोळी चालू नसेल आणि लिव्हर ठणठणीत असेल तर घेऊन बघायला हरकत नाही. फिट, दमा, बीपी, रक्त पातळ करायची गोळी, यातलं काहीही चालू असेल तर ऑर्डर करायच्या आधी डबीच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा आणि तो डॉक्टरांना दाखवा.

सध्या दोन स्टार, तेही मालाचे. लेबलवर ती ओळ आली की वाढवेन.